कापशाचं लिव्हर

४ जानेवारी, रविवार

लिव्हरच निघालं. जंत नाहीत, मूतखडा नाही, म्हातारपण तर नाहीच — तीन वर्षांचं कुत्रं! निगडीच्या डॉक्टर मिनल मॅडमनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. मला काय दिसणार, नुसता राखाडी धूर. म्हणाल्या, "लिव्हर एवढं हवं होतं," आणि मूठ दाखवली. "आणि आहे एवढं." लिंबाएवढं.

दोष जन्मापासूनचा आहे. पोटाकडून येणारं रक्त लिव्हरमध्ये गाळलं जाऊन पुढं जायला हवं. कापशाच्या पोटात एक जादाची नळी आहे. तिच्यातून ते रक्त लिव्हरला वळसा घालून थेट पुढं जातं, न गाळताच. सगळं विष डोक्यात चढतं. म्हणून जेवला की लाळ गळते, गोल गोल फिरतो, भिंतीला डोकं लावून उभा राहतो. मला लगेच कळलं. लेथ थंड ठेवणाऱ्या कूलंटची लाइन फिल्टरला बायपास करून जोडली तर मशीनचं जे होतं तेच. तसं बोललो तर मॅडम म्हणाल्या, "अगदी तसंच, मुरारीभाऊ." कळल्याचा आनंद पाच सेकंद टिकला. मग त्या मशीनचं शेवटी काय होतं ते आठवलं.

रोज लिहून ठेवा म्हणाल्या. काय खाल्लं, किती वाजता, नंतर काय केलं. म्हणून ही डायरी. बेअरिंगवाल्याने नव्या वर्षाची म्हणून दिलेली, कोरी पडली होती. कापशाचं लिहायला बसलो आणि पहिल्याच पानावर माझंच चालू झालं. असू दे. बायकोला, पूनमला, माझं अक्षर लागत नाही आणि आईला वाचता येत नाही.

५ जानेवारी, सोमवार

सकाळी ७ — भात, उकडलेला भोपळा, दोन चमचे पनीर. ७.४० — लाळ. ८ — वर्कशॉपमध्ये, माझ्या खुर्चीखाली. संध्याकाळपर्यंत तिथंच.

मटण बंद. अंडी बंद. दूध बंद. जे जे अंगी लागतं ते सगळं बंद.

७ जानेवारी, बुधवार

दोन रस्ते आहेत. एक, गोड सिरप आणि गोळ्या जन्मभर. जन्म म्हणजे किती, ते मॅडम सांगत नाहीत. दुसरा, ऑपरेशन. असलं ऑपरेशन करणारा सर्जन मुंबईहून येतो, एका बुधवाराआड, पुण्यातल्या एका मोठ्या प्राण्यांच्या दवाखान्यात. आधी स्कॅन. सगळं मिळून दोन लाखांच्या आसपास. तेवढे आहेत, लेथला सळ्या आपोआप पुरवणारा बार फीडर घ्यायला ठेवलेले. पूनमला विचारलं. म्हणाली, "बार फीडर पुढच्या वर्षी घेऊ." विषय संपला. मी उगाच अर्धा दिवस कसं विचारू म्हणून फिरत होतो.

पैशाची भीती नाहीच. मॅडम म्हणाल्या, शंभरातली सहा-सात टेबलावर किंवा नंतरच्या तीन दिवसांत जातात. "म्हणजे त्र्याण्णव वाचतात," असंही म्हणाल्या, चांगलं तोंड करून. मी लेथवर चाकणच्या कंपनीला बुश, म्हणजे धातूची छोटी नळकांडी, करून देतो. शंभरात सात रिजेक्ट गेले असते तर कंपनीने मला केव्हाच हाकललं असतं. लाखात सात चालतात, शंभरात नाही.

दिवसभर सात सात करत बसलोय.

९ जानेवारी, शुक्रवार

दादासाहेबाला कळलं. माझा चुलतभाऊ, शेजारचंच घर. वर्कशॉपच्या दारात उभा राहून चार माणसांदेखत म्हणाला, "दोन लाख? कुत्र्याला? मुरारी, राव, डोकं ठिकाणावर हाय का तुझं? तेवढ्यात असली पन्नास आणून देतो तुला." सगळे हसले.

याच माणसाने गेल्या साली शर्यतीचा बैल आणला अकरा लाखांना. तेव्हा हलगी लावून मिरवणूक काढली होती. मीही नाचलो होतो त्यात.

आणि मी काय म्हणालो? "पूनमचा हट्ट आहे रे, काय करणार." हसत हसत. कापशा तेव्हा खुर्चीखालीच होता, हनुवटी माझ्या बुटावर टेकून. रात्रीचं जेवण गेलं नाही मला.

१२ जानेवारी, सोमवार

स्कॅन झाला. त्यासाठीही भूल द्यावी लागते, हे आधी कुणी बोललं नव्हतं. आत नेताना वळूनसुद्धा पाहिलं नाही त्याने. कुठंही न्या, कुणाच्याही हातात द्या, गुपचूप जातो. तिथली बाई म्हणाली, "किती गुणी आहे हो." तालमीसारखं झालं हे माझ्यासाठी. दीड तास. खऱ्या दिवशी काय होणार आहे माझं?

नळी एकच आहे, आणि लिव्हरच्या बाहेर आहे. हे चांगलं म्हणे. २१ तारीख मिळाली.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. निवडणुकीच्या प्रचाराच्या रिक्षा एकदाच्या थांबल्या. आईने सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि कापशाकडे वळली. मी हात धरला. आई म्हणाली, "सणाचा एक कण बी न्हाई?" नाही म्हटलं. तिळात काय असतं, प्रोटीन म्हणजे काय, सगळं पुन्हा सांगितलं.

आईची सवय अशी की ताटावर बसलं की पहिला घास कुत्र्याचा. माझ्या लहानपणापासून बघतोय. कुत्री बदलली, घास चुकला नाही. आता दहा दिवस झाले. ती भाकरी मोडते, घास बाजूला काढते, माझ्याकडे बघते आणि तो घास कावळ्याला टाकून येते. आज म्हणाली, "आमी काय वैरी हाय का त्याचं?" नाही गं, म्हटलं. पण औषधांच्या डब्याला कुलूप लावावं तसं तोंड केलं होतं मी, मला माहीत आहे.

१६ जानेवारी, शुक्रवार

आई म्हणते नजर लागली. "पांढरं धोट जनावर, रस्त्यानं जाणारं समदं बघतंय त्याच्याकडं." मी खेकसलो — नजर लागून जादाची नळी फुटत नाही पोटात. पाच दिवस राहिले आणि माझा आवाज घरात सारखा चढतोय.

आजपासून फिट न येण्याची गोळी सुरू. ऑपरेशननंतर फिट येऊ शकतात, म्हणून आधीच.

१८ जानेवारी, रविवार

भात, भोपळा, बटाटा. लाळ नाही. संध्याकाळी मी आणि पूनम देहूरोडला जाऊन त्याचं खास पाकिटातलं खाणं घेऊन आलो. तीन दिवस राहिले.

१९ जानेवारी, सोमवार

९.१० ला फिट. चार मिनिटं.

लिहून ठेवतो नाहीतर विसरेन. वर्कशॉपमध्ये. आधी लेथच्या पायाला डोकं लावून उभा होता. हाक मारली तर ओळख नाही. मग आडवा. चारी पाय ताठ, जबडा वाजतोय, खाली मुतला. डोळे उघडे आणि आत कुणीच नाही. मी त्याच्या डोक्याखाली हात घातला, जमिनीवर आपटत होतं. कापशा कापशा म्हणत होतो, दुसरं काही सुचलंच नाही. पूनमने गाडी काढली. तळवडे ते निगडी एरवी वीस मिनिटं, आज किती लागली माहीत नाही.

सलाइन लावलंय, एनिमा दिलाय. ठेवून घेतलंय त्याला. एकवीसचं ऑपरेशन रद्द. या अवस्थेत भूल दिली तर जाईल, म्हणाल्या.

आता संध्याकाळ आहे. पूनमला नको ते बोललो. काय दिलंस त्याला, तिळगूळ दिलास ना, तुमच्या सगळ्यांच्या लाडाने मरणार आहे तो. तिने मापाची वाटी आणून माझ्यासमोर ठेवली. दिवसागणिक काय घातलं ते तिनेही लिहून ठेवलंय, माझ्याहून नीट. आत गेली आणि ती शिकवते त्या बालवाडीसाठी उद्याचे कागद कापत बसली.

२० जानेवारी, मंगळवार

मीच. मी मी मी.

मॅडमनी फोनवर विचारलं, "अंडं कुणी दिलं?" काल दवाखान्यात उलटी झाली त्याला. उकडलेल्या अंड्याचे तुकडे, दहीभात आणि कसलातरी लाल रंग. कुंकू असावं, म्हणाल्या.

दहीभात, अंडं, कुंकू.

काल सकाळी साडेसहाला त्याला फिरवायला नेलं होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला तीन रस्ते मिळतात, त्या तिकटीवर कुणीतरी उतारा ठेवला होता. परवा अमावास्या होती ना. पत्रावळीचा तुकडा, लाल भात, लिंबू, मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. आणि लहानपणापासून शिकलोय तेच केलं. तोंड फिरवलं. उताऱ्याकडे बघायचं नाही, ओलांडायचं नाही, थांबायचं नाही. मान वळवून, नजर कुंपणावर ठेवून लांबून वळसा घातला. पट्टा हातात होता. पट्टा लांब होता. दोन-तीन पावलं तो मागं रेंगाळला, मी ओढलं, आला. मी बघितलंच नाही. सगळं जग बघत होतो, तेवढं एक सोडून.

पंधरा दिवस चमच्याने पनीर मोजलं मी. आणि माझ्या हातात पट्टा असताना त्याने अख्खं अंडं खाल्लं, कारण मी कुणाच्यातरी नजरेला घाबरलो.

मॅडमना सांगताना लाज वाटत होती. हसतील वाटलं. पण त्या म्हणाल्या, "मीसुद्धा बघितलं नसतं."

२१ जानेवारी, बुधवार

आज व्हायचं होतं ऑपरेशन. त्याऐवजी कापशा घरी आला. चालतो, पण पाय लटपटतात. ओळखतो. आल्या आल्या खुर्चीखाली.

जेवायला बसलो तर आई आलीच नाही. बघायला गेलो. भिंतीकडे तोंड करून बसली होती. म्हणाली, "त्याला तिकटीवरनं न्हेलं व्हतंस का रं तू?"

हो म्हटलं.

"त्यो उतारा माझाच व्हता."

मग सगळं बोलली. रविवारी आम्ही देहूरोडला गेल्यावर तिने कापशाला अंगणात बसवलं, त्याच्यावरून दहीभात आणि अंडं तीनदा उतरवलं आणि तिकटीवर ठेवून आली. मागं वळून न बघता, रीतीप्रमाणे. एकवीसला त्याला कापणार, त्याआधी वाईट निघून जावं म्हणून. त्याच्यावरचं संकट घेऊन ते तिकटीवर राहील, हा तिचा हिशेब. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला तिथंच नेला आणि ज्याच्यावरून उतरवला त्यानेच तो खाल्ला.

"आसं कुणाचं झाल्यालं ऐकलं न्हाई मी," आई म्हणाली. "उलटं बसलं समदं त्याच्यावर. म्या मारलं त्याला."

मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट तिचं ते 'उलटं बसलं' मलाच पटलं. मायक्रॉनमध्ये काम करणारा माणूस मी, आणि मनात तेच — आपलंच आपल्यावर उलटलंय. तिला म्हणालो, "आई, तू ठेवलास, मी बघितलं नाही. दोघांचं मिळून झालं." मग उठून जेवायला आली. ताटातला घास काढला आणि हातातच धरून बसली.

पूनमला चहा करून दिला. म्हणाली, साखर जास्त झाली. म्हणजे मिटलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

सकाळी साडेसहाला कापशाला घेऊन निघालो तर आई आमच्या पुढं. हातात खराटा. रस्ता झाडत चालली होती, आमच्या दारापासून थेट तिकटीपर्यंत. तिकटीवर कुणाचातरी नारळ आणि लिंबू होतं. आईने खराट्याने ते कडेच्या गटारात लोटलं.

दुसऱ्याच्या उताऱ्याला हात लावायचा नसतो, आमच्याकडे कुणी लावत नाही. मी म्हटलं, आई, राहू दे, आपण दुसरीकडून जाऊ. म्हणाली, "कुत्र्याला रस्ते बदलाया सांगतोस व्हय? माझं वय झालंय, मला काय लागायचं हाय आता." आणि झाडत पुढं गेली.

२६ जानेवारी, सोमवार

भात, भोपळा. लाळ थोडी. नवीन तारीख ४ फेब्रुवारी. आई रोज झाडते.

३० जानेवारी, शुक्रवार

चाकणहून दोनशे बुश परत आले. बोर, म्हणजे आतलं भोक, मोठं झालंय. मीच सेटिंग केलं होतं. अठरा वर्षांत असं झालं नाही. कंपनीच्या क्वालिटीवाल्याने विचारलं, "घरी कुणी आजारी आहे का, शेठ?" हो म्हणालो. कोण ते त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

दाखल केला. सर्जन भेटला. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, हिंदीत बोलतो. समजावून सांगताना एक रिंग माझ्या तळहातावर ठेवली. एवढीशी, करंगळीच्या नखात बसेल. बाहेरून स्टील, एका बाजूने फट. त्या नळीभोवती ही बसवायची. आतला थर ओलावा धरून हळूहळू फुगतो आणि चार-पाच आठवड्यांत नळी आपोआप आवळली जाते. मी विचारलं, एकदम का नाही बांधत? म्हणाला, "एकदम बंद किया तो मर जाएगा. इतना खून लिव्हर ने कभी देखा ही नहीं है. उसको आदत लगने दो."

आतला थर कशाचा? "केसीन. दूध का प्रोटीन." महिनाभर पनीरसुद्धा चमच्याने मोजलं, दुधाचा थेंब चाटू दिला नाही त्याला!

रिंग फिरवून बघितली. फिनिश चांगलं आहे. बोर किती, टॉलरन्स किती, विचारलंच मी. सर्जन हसला, पण सांगितलं. रिंग परत त्याच्या हातात द्यायला बोटं तयार होईनात.

मग संमतीचा कागद. 'शस्त्रक्रियेदरम्यान मृत्यू झाल्यास'. सही करताना माझं नाव चुकलं. मुरारीचं मुरी झालं. पुन्हा केली.

४ फेब्रुवारी, बुधवार

११.२० ला आत नेला. इथं बाकावर बसून लिहितोय. पूनम बालवाडीला सुट्टी टाकून आलीय, फोनवर सारखी आईला सांगतेय, अजून काही नाही, अजून काही नाही.

भीती वाटते. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही. दार उघडलं की उठून उभा राहतो. प्रत्येक वेळी बाहेर येणाऱ्याचं तोंड वाचतो आणि ते दुसऱ्याच कुणाच्या कुत्र्याविषयी असतं.

तीन वर्षांपूर्वी कंपनीने पाच महिने ऑर्डर बंद केल्या होत्या. मशीन बंद. रोज सकाळी शटर उघडून मी आत बसायचो, कारण घरात बसलो तर पूनमला कळलं असतं किती घाबरलोय. कुणाशी बोलायचं नव्हतं. तेव्हा हा आला, पावाच्या पुड्याएवढा. दिवसभर खुर्चीखाली. खेळायचं नाही, पळायचं नाही, भुंकायचं नाही. मी बसलोय म्हणून तोही बसलाय. पोटचं लेकरूही इतकं बसलं नसतं. त्या पाच महिन्यांतून मी बाहेर आलो तो त्याच्यामुळे. हे पूनमलाही कधी बोललो नाही.

१.०५. अजून नाही.

दादासाहेब आला! डबा घेऊन. वहिनीने दिलाय म्हणे. बाकावर शेजारी बसला. मी म्हणालो, "दादासाहेब, पूनमचा हट्ट नव्हता. माझाच होता." तो म्हणाला, "म्हाईत हाय." मग समोरच्या भिंतीकडे बघत, "बैलाचं पोट फुगलं व्हतं ना दिवाळीत, तवा मी गोठ्यात रडलो व्हतो भावा. कुणाला बोलू नको." नाही बोलणार.

२.४०. बाहेर आला सर्जन. रिंग बसली. कापशा जिवंत आहे. आता तीन दिवस धोक्याचे, म्हणाला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पोट फुगलं तर रक्ताचा दाब वाढलाय. फिट आली तर बिघाड डोक्यात. दोन्हींपैकी काहीही तीन दिवसांत. दवाखान्यात कुणाला थांबू देत नाहीत, सकाळी आणि संध्याकाळी फोन करतात.

सकाळी — ठीक. संध्याकाळी — पोट थोडं ताठ, बघतोय.

थोडं म्हणजे किती?

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळचा फोन उशिरा आला. तोंडाचे स्नायू उडताहेत, कान फडफडतोय. फिटची सुरुवात असू शकते. औषध वाढवलंय. मी फोन ठेवला आणि वर्कशॉपमध्ये जाऊन मशीन चालू केलं, बंद केलं, चालू केलं.

आई म्हणाली, "मी काय करू सांग. तू म्हणशील तेवढंच करते." तिला एवढं घाबरून विचारताना मी कधी बघितलं नव्हतं. माझे वडील, आण्णा, गेले तेव्हाही नाही. काही करू नको, म्हटलं, माझ्याजवळ बस. बसली. शेंगा फोडत बसलो दोघं. शेरभर फोडल्या असतील, खाल्ली एकानेही नाही.

संध्याकाळी — तसंच.

७ फेब्रुवारी, शनिवार

देवा, तो गेला तर मी आईला काय सांगू? ती स्वतःला माफ करणार नाही. आणि मी मला.

सकाळी ८.१५ — उडणं कमी. पाणी प्यायला.

संध्याकाळी ६ — उभा राहिला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

घरी. पोटावर लांब टाके, गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं. आईने दारातच पाणी ओवाळून टाकलं आणि लगेच माझ्याकडे बघितलं. "पाणीच हाय नुसतं," म्हणाली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

टाके निघाले. जेवल्यावर लाळ नाही, सलग सहा दिवस. तरी प्रत्येक जेवणानंतर मी घड्याळ लावून समोर बसतो. भीती जात नाही अंगातून. भिंतीजवळून गेला तरी दचकतो मी.

१४ मार्च, शनिवार

पूनमची चप्पल फाडली. दोन्ही. तिने रागावायचं सोडून फोटो काढला. अर्धं अंडं द्यायला परवानगी मिळाली. आईने स्वतः उकडलं, सोललं, माझ्यासमोर मोजून अर्धं केलं. पहिला घास. खाल्ला आणि तिच्या हाताला दात लागेस्तोवर चाटत राहिला.

फिटची गोळी कमी करत आणायची.

२८ मार्च, शनिवार

रक्ताचा रिपोर्ट आला. लिव्हर काम करतंय. मिनल मॅडमना म्हणालो, तो बदललाय हो, कुणाकुणावर भुंकतो, एका जागी ठरत नाही, पूर्वी किती शांत होता. त्या म्हणाल्या, "शांत नव्हता तो, मुरारीभाऊ. जन्मापासून गुंगीत होता. आता कुठं जागा झालाय."

म्हणजे तीन वर्षं माझ्या खुर्चीखाली तो माझ्यासाठी बसत नव्हता. त्याला उठवत नव्हतं.

आज दिवसभर वर्कशॉपकडे फिरकला नाही. संध्याकाळी गेटवर भंगारवाल्याच्या टेम्पोवर भुंकत होता. मी हाक मारली. त्याने वळून बघितलं, शेपूट हलवलं आणि पुन्हा टेम्पोकडे पळाला.